मग आयर्नमॅन कधी?

स्प्रिंट ट्रायथलॉन पूर्ण केली असं कुणाला सांगितलं की समोरून हमखास एकच प्रश्न येतो. "अरे वा! मग आयर्नमॅन कधी?" विचारणाऱ्याच्या मनात कौतुकच असतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण मी नुकतं जे केलं ते यांच्यापर्यंत पोहोचलंच नाही, असं मला दर वेळी वाटतं. ७५० मीटर पोहायचं, ओल्या अंगानं सायकलवर बसून २० किलोमीटर जायचं आणि सायकल ठेवून लगेच ५ किलोमीटर धावायचं. ऐकणाऱ्याच्या हिशेबात ही पुढच्या कशाची तरी तयारी असते. माझ्या हिशेबात हीच स्पर्धा आहे, आणि ती पुरी आहे.

मी कोल्हापुरात एका सहकारी बँकेत नोकरी करते. पंचेचाळिशी ओलांडली. घरात सासूबाईंची पथ्यं आहेत, मुलाची बारावी आहे, मार्चअखेरीला बँकेत रात्र होते. या सगळ्यातून आठवड्याला पाच-सहा तास माझे स्वतःचे निघतात आणि ते मी जीव लावून वापरते. पूर्ण आयर्नमॅन म्हणजे ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि वर ४२.२ किलोमीटरची मॅरेथॉन. त्याच्या सरावाला महिनोन्‌महिने आठवड्याचे दहा-पंधरा तास लागतात. जे ते देतात त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. २०१५ मध्ये मिलिंद सोमण यांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर झुरिकची आयर्नमॅन पूर्ण केली. २०१९ पासून पणजीत मिरामारला अर्ध्या अंतराची स्पर्धा होऊ लागली. आमच्या शहरातून त्या वाटेनं जाणारे पुष्कळ झाले, आणि ते चांगलंच झालं. फक्त त्यासोबत एक समजही रुजला, की मोठं अंतर ते खरं आणि छोटं म्हणजे उमेदवारी. तो समज मला मान्य नाही.

कारण हा खेळ जन्मला तोच छोट्या अंतरात. २५ सप्टेंबर १९७४, बुधवार. अमेरिकेत सॅन डिएगोच्या मिशन बे इथे तिथल्या ट्रॅक क्लबच्या जॅक जॉनस्टोन आणि डॉन शानहान यांनी संध्याकाळी एक स्पर्धा ठेवली. सगळं मिळून साधारण साडेनऊ किलोमीटर धावणं, आठ किलोमीटर सायकल आणि जेमतेम साडेचारशे मीटर पोहणं. धावणं आणि पोहणं तुकड्यातुकड्यांनी होतं, म्हणजे थोडं धावा, थोडं पोहा, परत धावा. ४६ जण उतरले. शेवटचे लोक पाण्यात असताना अंधार पडला, तेव्हा गाड्यांचे हेडलाइट लावून उजेड केला. त्या ४६ जणांत जॉन कॉलिन्स नावाचा एक नौदल अधिकारी होता. पुढे त्यानंच हवाईतल्या ओआहू बेटावर १८ फेब्रुवारी १९७८ रोजी पहिली आयर्नमॅन भरवली. तिथे १५ जण निघाले आणि १२ पोहोचले. म्हणजे मोठी स्पर्धा ही छोटीच्या पोटची. ऑलिंपिकमध्येही २००० साली सिडनीला ट्रायथलॉन आली ती १.५, ४० आणि १० किलोमीटरची. आणि टोकियोत स्त्री-पुरुषांची मिश्र रिले आली तेव्हा एकेका खेळाडूच्या वाट्याला फक्त ३०० मीटर पोहणं, ६.८ किलोमीटर सायकल आणि २ किलोमीटर धावणं होतं. ती शर्यत बघताना कुणालाही ती अर्धवट वाटली नसेल.

आता पोहण्याबद्दल सांगते, कारण बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं आणि माझ्यासाठी तर सगळं तिथूनच सुरू होतं.

आमच्या गावाकडे पोहायला विहिरीतच शिकायचं. पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधायचा, कमरेला दोर आणि थोरल्या काकांनी वरून ढकलून द्यायचं. पांगाऱ्याचं लाकूड हलकं, त्यामुळे पोर बुडत नाही, पण नाकातोंडात पाणी जायचं ते जातंच. मे महिन्यात माझे भाऊ आणि चुलतभाऊ दिवसभर विहिरीत असायचे. सूर, मुटके, तळाची माती वर आणून दाखवायची पैज. मलाही बिंडा मिळाला होता आणि तो सुटेपर्यंत मजल गेली होती. मग दहा-अकरा वर्षांची झाले आणि एका उन्हाळ्यात ते थांबलं. कुणी रागावलं नाही. काकांनी दोर काढला नाही, एवढंच. "तू आता मोठी झालीस," आई म्हणाली आणि भाकऱ्यांचं पीठ पुढ्यात सरकवलं.

हे शहरही पाण्याचंच आहे. पंचगंगेच्या घाटावर पिढ्यान्‌पिढ्या पोरं पोहायला शिकली. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये पोहलेला आणि २०१० च्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचं कांस्य आणणारा वीरधवल खाडे इथलाच. पण माझ्या वयाच्या किती बायकांना पोहता येतं, ते एकदा आपल्या भिशीत विचारून बघा. मी चाळिशीच्या आसपास जलतरण तलावातल्या लेडीज बॅचला नाव घातलं तेव्हा तिथे निम्म्याजणींना गुडघेदुखीसाठी डॉक्टरांनी पाठवलं होतं. पहिल्या दिवशी पाण्यात आडवी झाले आणि अंग आपोआप तरंगलं. तीस वर्षांनी! तो क्षण मी कुणाला सांगू शकले नाही, बाहेर येऊन पायऱ्यांवर बसून राहिले. श्वास मात्र नव्यानं शिकावा लागला. विहिरीत आम्ही डोकं वर काढून पोहायचो. फ्रीस्टाइलमध्ये तोंड पाण्यात, श्वास पाण्यातच पूर्ण सोडायचा आणि हात मागे जाताना मान कुशीला वळवून तेवढ्यात घ्यायचा. बॅचच्या सरांचं एकच पालुपद असायचं: "मॅडम, घ्यायचं बघू नका, सोडायचं बघा. सोडला की येतोय आपोआप."

सकाळच्या त्या बॅचमधूनच मग सायकल आली, धावणं आलं आणि शेवटी राजाराम तलाव आला.

राजाराम तलाव शिवाजी विद्यापीठाच्या पलीकडे आहे. स्पर्धेच्या दिवशी लांब अंतराचे गट आधी सोडतात, आमचा स्प्रिंटचा गट सगळ्यांत शेवटी. तोवर काठावर उभं राहून इतरांना बघायचं. दंडावर आणि पोटरीवर मार्करनं नंबर घातलेला, घोट्याला वेळ मोजणारी चिप. आमच्या टोप्या गुलाबी होत्या. लांब बाह्यांचा आणि गुडघ्यापर्यंतचा पोहण्याचा पोशाख घालून चारशे माणसांसमोर उभं राहणं ही आमच्या पिढीच्या बाईसाठी एक वेगळीच पायरी असते. सायकल, हेल्मेट, गॉगल या सगळ्यांआधी ती चढावी लागते. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बाईनं शेवटच्या मिनिटापर्यंत टॉवेल अंगावरून काढला नव्हता. शिट्टी वाजायच्या आधी तिनं तो घडी करून चपलांवर ठेवला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. आम्ही एकमेकींना ओळखत नव्हतो.

जलतरण तलावात दर पंचवीस मीटरला भिंत असते. तिथे आपण वळतो, पायानं रेटा देतो आणि नकळत एक श्वास विश्रांती घेतो. तळाला काळी रेघ असते, तिच्यावर नजर ठेवली की सरळ जातो. उघड्या पाण्यात भिंत नाही आणि रेघही नाही. डोकं आत घातलं की हिरवट अंधार, आपलाच हात कोपरापर्यंत दिसतो आणि पुढे विरघळून जातो. त्यात सुरुवातीची झुंबड. कुणाची लाथ खांद्याला, कुणाचा हात माझ्या घोट्यावर. पहिल्या शंभर मीटरात भल्याभल्यांचा दम चढतो. गार पाणी, गर्दी आणि छातीतली धडधड एकत्र आली की शरीर घाईघाईनं वरवरचे श्वास घ्यायला लागतं, आणि पोहता येत असूनही बुडतोय असं वाटायला लागतं. अमेरिकेतल्या ट्रायथलॉनमधले अचानक मृत्यू, हृदय बंद पडण्याच्या घटना आणि अपघाती मृत्यू एका अभ्यासात तपासले होते. १९८५ ते २०१६ या काळातल्या १३५ घटनांपैकी ९० पोहण्याच्या टप्प्यातल्या होत्या. हा आकडा मी आमच्या बॅचमध्ये सगळ्यांना सांगते. कुणाला घाबरवायचं नसतं. चाळिशीनंतर उतरणाऱ्यानं आधी डॉक्टरांकडून हृदय तपासून घ्यावं आणि स्पर्धेआधी चार-सहा वेळा सोबतीनं उघड्या पाण्यात पोहून यावं, म्हणून सांगते.

माझा गॉगल पहिल्या बोयाच्या, म्हणजे मार्ग दाखवणाऱ्या तरंगत्या खुणेच्या, थोडं अलीकडे कुणाच्या तरी कोपरानं सरकला. डाव्या डोळ्यात पाणी. मी उलटी होऊन पाठीवर तरंगले. जवळच कयाकमध्ये, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या होडीत, एक विशीतला मुलगा होता. "ताई, धरा की, चालतंय. दम घ्या जरा," तो म्हणाला. बऱ्याच जणांना वाटतं की कयाकला हात लावला म्हणजे बाद. तसं नाही. धरून थांबता येतं, फक्त त्याच्या आधारानं पुढे सरकायचं नाही. मी एका हातानं कड धरली, गॉगल रिकामा करून घट्ट बसवला आणि दोन लांब श्वास सोडले. मुलगा माझ्याकडे न बघता बाकीच्या टोप्या मोजत होता. मला ते फार आवडलं. त्याचं काम टोप्या मोजण्याचंच होतं, आणि मी एक टोपी होते, बाई नव्हते, वयस्क नव्हते.

मग लय सापडली. सहा-आठ हात मारले की डोळे पाण्याच्या वर काढून बोया बघायचा आणि त्याच्या मागचं एक उंच झाड बघायचं, कारण नारिंगी बोया लाटेआड जातो पण झाड जागेवर असतं. माझ्या पुढे एक पोहणारा होता, त्याच्या पायांचे बुडबुडे दिसतील इतक्या अंतरावर राहिले तर पाणी थोडं हलकं लागतं. पोहताना एवढी चोरी नियमात बसते. शेवटच्या पन्नास मीटरात पाय जोरात मारायचे. तोवर पाय राखून ठेवलेले असतात, रक्त हाताखांद्यांकडे असतं, आणि आडव्याचं एकदम उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. मी गुडघाभर पाण्यात उभी राहिले तेव्हा किनारा एकदा डावीकडे कलंडला आणि परत सरळ झाला.

पोहणं आणि सायकल यांच्या मधल्या जागेला ट्रान्झिशन म्हणतात. तिथलं घड्याळही चालूच असतं. टॉवेलवर सगळं आधीच क्रमानं लावलेलं. हेल्मेट उलटं ठेवून त्यात चष्मा, मोजे गुंडाळून अर्धे उघडे, बुटांच्या नाड्या सैल, नंबरचा पट्टा वर. ओल्या पायावर मोजा चढवणं हे किती नाजूक काम आहे ते केल्याशिवाय कळत नाही. आणि एक नियम मला मनापासून पटतो. हेल्मेटचा पट्टा टक् असा लागल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही. पंच तिथे उभे राहून तेवढंच बघत असतात. कितीही घाई असो, आधी डोकं सांभाळा आणि मग वाहन. आमच्या रस्त्यांवर रोज हेल्मेट हँडलला लटकवून जाणाऱ्यांना एकदा इथे आणून उभं करावंसं वाटतं.

सायकलीबद्दल थोडक्यात. माझी साधी हायब्रीड आहे, तिच्यावर मी बँकेतही जाते. सर्व्हिस रोडनं गोकुळ शिरगावच्या बाजूला जायचं आणि वळसा घेऊन परत. ऊसतोडीचे दिवस असल्यामुळे कडेला पाचट आणि टायरखाली चिरडलेल्या कांड्या पडलेल्या, त्यावरून चाक घसरू नये म्हणून नजर सतत खाली. आमच्यासारख्या हौशी गटात पुढच्याच्या आडोशानं सायकल चालवायला मनाई असते. मध्ये दहा मीटर अंतर ठेवायचं, नाहीतर ठरावीक वेळात ओलांडून पुढे जायचं. त्यामुळे या वीस किलोमीटरात प्रत्येकजण आपापल्या वाऱ्याशी एकटा असतो. मला ते एकटेपण आवडतं. बँकेत काउंटरच्या पलीकडे, घरात ओट्यापाशी, मी दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या समोर असते. इथे चाळीस-पंचेचाळीस मिनिटं माझ्याकडे कुणाचं काही काम नसतं.

सायकलवरून उतरून धावायला लागलं की पाय कुणाचे तरी उसने आणून जोडल्यासारखे वाटतात. गोल फिरायची सवय लागलेले स्नायू एकदम आपटून घ्यायला तयार नसतात. म्हणून सरावात सायकलनंतर लगेच थोडं धावायचं असतं, दहा मिनिटं का होईना. पहिला किलोमीटर धीरानं काढला की पाय परत आपले होतात. विद्यापीठाच्या बाजूला झाडी सुरू होते, तिथे मोरांचा आवाज येतो. ऊन चढलं होतं. आमचा गट शेवटी सोडल्यामुळे आम्ही धावायला लागलो तेव्हा लांब अंतरवाल्यांपैकी पुष्कळ जण आवरून केळी खात बसले होते. कॉलेजमधली एक मुलगी मला मागे टाकून गेली. जाता जाता वळून म्हणाली, "चला काकू, थोडंच राहिलंय!" आणि दहा पावलं माझ्या वेगानं धावली. मग निघून गेली. मला तेवढं पुरलं.

मी पोहोचले, गळ्यात पदक पडलं, कुणी तरी हातात गूळ-शेंगदाणे ठेवले. हे सगळं सुखाचं होतं आणि त्यावर जास्त लिहिण्यासारखं नाही. लिहायचं आहे ते त्यानंतरचं.

आमच्या गटात लष्करातून निवृत्त झालेले एक सुभेदार होते, सत्तरीच्या जवळपासचे. नदीत पोहून तयार झालेले, त्यामुळे पाण्यात ते माझ्या बरेच पुढे होते. सायकल जुनी, बिनगिअरची. धावताना गुडघा भरला आणि ते चालायला लागले. नियमानं वेळ संपायला बराच अवकाश होता. पण इकडे आयोजकांच्या माणसांनी शेवटची कमान सोडायला घेतली, एका बाजूचं कापड उतरवलंसुद्धा. मंडपवाल्याला दुपारी दुसरीकडे जायचं होतं, असं कळलं. लांब अंतराच्या शेवटच्या माणसासाठी याच कमानीखाली टाळ्या वाजवत थांबलेले लोक मी सकाळी पाहिले होते. तेवढंच थांबणं स्प्रिंटवाल्याच्या वाट्याला का येऊ नये? मी जाऊन विचारलं. माझ्यासोबत टॉवेलवाली बाई आली, कॉलेजची मुलगी आली, कयाकवाला मुलगा आला. भांडण झालं नाही. "अजून एक जण यायचाय, कमान राहू दे," एवढंच आम्ही म्हणत राहिलो. कापड परत बांधलं. सुभेदार आले तेव्हा शेवटचे शंभर मीटर ते धावले, गुडघा घेऊन धावले. रेषा ओलांडली आणि सवयीनं दोन्ही टाचा जोडून उभे राहिले.

हे कुणा एकाचं वाईट वागणं नव्हतं, म्हणूनच मला ते लागलं. छोटं अंतर म्हणजे किरकोळ, ही समजूत एकदा बसली की बाकीचं आपोआप घडतं. आमचा गट शेवटी सोडायचा, भर उन्हात धावायला लावायचं, आमच्यापर्यंत येईतो पाण्याची टेबलं रिकामी झालेली. खरं तर पहिल्यांदा उघड्या पाण्यात उतरणारी माणसं सगळ्यांत जास्त याच गटात असतात. त्यांना सकाळचं शांत पाणी हवं, जास्तीच्या दोन कयाक हव्यात, आदल्या दिवशी तलावात उतरून बघायची सोय हवी. बायकांना कपडे बदलायला आडोसा हवा, तोही ट्रान्झिशनच्या जवळ, पार्किंगच्या टोकाला नको. यात फार खर्चाचं काही नाही. मी हे सगळं लिहून आयोजकांकडे दिलं आहे, आणि पोहण्याच्या वेळेबद्दल पुढच्या खेपेला विचार करू असं त्यांनी म्हटलंही आहे. मी पाठपुरावा करणार आहे. बँकेत इतकी वर्षं वसुली केली आहे, पाठपुरावा मला येतो.

आणि मला अजून वेगानं पोहायचं आहे. अंतर तेच, ७५० मीटरच. त्यात सुधारायला इतकं काही आहे की पुरून उरेल. डाव्या बाजूचा श्वास अजून नीट बसलेला नाही, बोया वळताना मी फार लांबून वळते. ओल्या पायांवर मोजे चढवण्यात जाणारा वेळ तर वेगळाच. आयर्नमॅनचं विचारणाऱ्यांना मी आता हे सांगते. काही जण ऐकून घेतात. एकानं तर विचारलं, "म्हणजे डावीकडून श्वास घेतला की फरक पडतो?" आणि आम्ही चहा गार होईपर्यंत त्यावर बोललो.

यंदा आम्ही घरातल्या तिघीजणी रिलेलाही नाव घालणार आहोत. पोहायला मी, सायकलला माझी भावजय, धावायला भाची. भावजयीनं गेल्या आठवड्यात हेल्मेट आणलं आणि दळण आणायलाही ते घालून जाते. गटाचं नाव काय ठेवायचं यावर अजून एकमत नाही. भावजयीला ताराराणी हवंय, भाचीला काहीतरी छोटं आणि इंग्रजी. नोंदणी सुरू व्हायच्या आत ठरवायचं आहे.